सकाळी लावलेला बीम दुपारी पळतो: वेव्हफ्रंट सेन्सरचं अलाइनमेंट वारंवार बिघडत असेल तर

एप्रिल लागला की मला एकाच मजकुराचे फोन यायला लागतात. "ताई, टिल्ट पुन्हा पळून राहिला." टिल्ट म्हणजे सेन्सरवर येणाऱ्या प्रकाशलहरीच्या आघाडीचा, म्हणजे वेव्हफ्रंटचा, एकूण कल. कधी आमच्याच लॅबमधली एमएस्सीची पोरं असतात, कधी नागपुरातल्याच दुसऱ्या कॉलेजातलं पीएचडी करणारं कोणी. मी आमच्या कॉलेजच्या ऑप्टिक्स लॅबमध्ये अकरा वर्षं टेक्निशियन आहे. हा बिघाड इतक्यांदा काढलाय की आता फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नॉब फिरवला का?" उत्तर बहुतेक वेळा "हो" असंच येतं. मग मूळ दोष एक आणि नॉब फिरवून तयार केलेला दुसरा, असे दोन काढत बसावं लागतं.

सेटअप साधारण सगळीकडे सारखाच. ६३२.८ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेसर, बीम वळवायला दोन आरसे, बीम एका बिंदूवर आणणारं ऑब्जेक्टिव्ह आणि त्या बिंदूवर बीमची घाण गाळणारं बारीक भोक म्हणजे पिनहोल, बीम समांतर करणारी (कोलिमेशनची) लेन्स, मग तपासायची वस्तू, तिच्यापुढे तिचं प्रतिबिंब सेन्सरवर नेणारी दोन लेन्सांची रिले आणि शेवटी शॅक-हार्टमन सेन्सर. सेन्सरमध्ये बारीक लेन्सांची जाळी असते. प्रत्येक लेन्स आपल्या वाट्याच्या प्रकाशाचा एक ठिपका कॅमेऱ्यावर पाडते. वेव्हफ्रंट तिथे जेवढा कललेला, तेवढा ठिपका सरकतो. आमच्या सेन्सरमध्ये लेन्सांमधलं अंतर १५० मायक्रॉन, फोकल लेंग्थ सुमारे ५ मिलिमीटर. म्हणजे १ मिलिरेडियनचा कल आला तर ठिपका ५ मायक्रॉन सरकतो, आमच्या कॅमेऱ्याचा जेमतेम एक पिक्सेल. सॉफ्टवेअर पिक्सेलच्या काही शतांशापर्यंतचं सरकणं पकडतं. इतक्या हळव्या यंत्राजवळ कोणी खुर्ची सरकवली तरी ते सांगणार.

आधी लक्षणं बघा, कारण त्यावरून अर्धं निदान होतं.

टिल्ट एकाच दिशेने हळूहळू चढत असेल, सकाळी जवळपास शून्य आणि दुपारी दोन-अडीच मिलिरेडियन, तर उष्णता किंवा ढिला स्क्रू. टिल्ट थरथरतोय पण सरासरी जागची हलत नाही, तर हवा किंवा कंपनं. डिफोकस (बीम समांतर न राहता पसरणं किंवा मिटणं) रोज वेगळा येत असेल तर कोलिमेशनची लेन्स सरकलीय. ॲस्टिग्मॅटिझम (दोन दिशांत वेगवेगळी वक्रता) रोज तेवढाच आणि त्याच दिशेचा, तर एखादी लेन्स तिरपी बसलीय किंवा आरसा माउंटमध्ये आवळला गेलाय. कोमा (ठिपक्याला एका बाजूला शेपूट आणणारा दोष) कमी-जास्त होतोय, आणि तोही सॉफ्टवेअर ज्याच्या आतलंच मोजतं ते स्क्रीनवरचं वर्तुळ सरकवल्यावर, तर दोष टेबलावर नाहीच. एका बाजूचे ठिपके गायब असतील तर बीम कुठेतरी कापला जातोय. ठिपके दुहेरी दिसत असतील तर कुठल्या तरी काचेवरून परत आलेला प्रकाश आत शिरलाय.

आता तपासण्या. क्रम मोडू नका. वरच्या फुकटातल्या आहेत, खालच्यांना अख्खा दिवस जातो.

पहिला अर्धा तास: हात खिशात

लेसर आणि कॅमेरा चालू करा आणि तर्री-पोहे खाऊन या. गंमत नाही करत. लेसरची नळी तापताना लांबते आणि बीमची दिशा किंचित बदलते. कॅमेराही तापतो, आणि त्याच्यासोबत त्याची बैठक. पहिल्या वीस-तीस मिनिटांत दिसणाऱ्या टिल्टमागे लागलात तर दुपारी तोच टिल्ट उलट दिशेने काढावा लागेल.

परत आल्यावर काही न हलवता आहे त्या स्थितीची फाइल सेव्ह करा. टिल्ट, डिफोकस, ॲस्टिग्मॅटिझम, कोमाचे आकडे वहीत लिहा, वेळ आणि खोलीचं तापमान टाका. ही नोंद नसली तर संध्याकाळी सुधारलं की बिघडलं हेच कळत नाही. आमच्या वहीत चार उन्हाळ्यांच्या नोंदी आहेत, आणि निम्मे फोन मी त्या बघूनच निकालात काढते.

मग लेसरच्या तोंडाशी काळा कार्ड धरा. स्क्रीन काळी व्हायला हवी. धूसर राहिली तर ट्यूबलाइट किंवा खिडकीचा प्रकाश सेन्सरमध्ये जातोय आणि प्रत्येक ठिपक्याचा मध्य त्या बाजूला ओढला जातोय. दिवे घालवा, बॅकग्राउंड वजा करा. एक्स्पोजर असं ठेवा की सगळ्यात तेजस्वी ठिपका २५५ पैकी १८० ते २०० वर राहील. २५५ ला टेकला की ठिपक्याचा माथा सपाट होतो आणि मध्य नेमका सापडत नाही. प्रकाश कमी करायला एनडी फिल्टर लावणार असाल तर तो पिनहोलच्या आधी लावा. फिल्टरच्या काचेतला खोटेपणा पिनहोलवर गळून जातो. सेन्सरच्या तोंडाशी लावलेला फिल्टर स्वतःचाच वेव्हफ्रंट मोजून घेतो.

सॉफ्टवेअरमधली तीन भुतं

पहिलं भूत वर्तुळाचं. एका मुलाने दोन दिवस कोमाचा पाठलाग केला. रिलेच्या दोन्ही लेन्सा काढून पुन्हा बसवल्या, तरी कोमा तसाच. मी गेले तेव्हा स्क्रीनवरचं ते मोजणीचं वर्तुळ (प्यूपिल) बीमपासून अर्धा मिलिमीटर बाजूला होतं. त्याच्या तपासायच्या लेन्समध्ये गोलीय दोष (कडेचा आणि मध्याचा प्रकाश एकाच बिंदूवर न येणं) भरपूर होता, आणि वर्तुळ मध्यावरून सरकलं की गोलीय दोष कोम्याचं सोंग घेतो. तसाच डिफोकस टिल्टचं सोंग घेतो. वर्तुळ मध्यावर आणलं, कोमा गेला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

दुसरं भूत रेफरन्स फाइलचं. कोणीतरी कधीतरी "शून्य करा"चं बटण दाबलेलं असतं, आणि त्या दिवशीचा वाकडा वेव्हफ्रंट सॉफ्टवेअरने सरळ म्हणून धरून ठेवलेला असतो. कंपनीची मूळ रेफरन्स फाइल लावून बघा. आकडे एकदम बदलले तर चोर सापडला.

तिसरं झर्निकेच्या क्रमांकांचं, म्हणजे वेव्हफ्रंटचे दोष ज्या यादीतल्या नंबरांनी ओळखतात त्यांचं. नोल आणि एएनएसआय या नंबर देण्याच्या दोन पद्धती. डिफोकस नोल आणि एएनएसआय दोन्ही पद्धतींत ४ नंबरला येतो, कोमा दोन्हींत ७ आणि ८ ला. त्यामुळे सगळं जुळतंय असं वाटतं. पण ॲस्टिग्मॅटिझम नोलमध्ये ५ आणि ६, एएनएसआयमध्ये ३ आणि ५. गोलीय दोष एकीकडे ११, दुसरीकडे १२. दोन कॉलेजांनी आपापल्या आकड्यांची तुलना करून महिनाभर एकमेकांना दोष दिल्याचं मी पाहिलंय.

कूलर

नागपुरात हा वेगळा मथळा द्यावाच लागतो.

हवेचा अपवर्तनांक तापमानासोबत बदलतो, अंशाला साधारण दहा लाखांत एक इतका. ऐकायला काहीच नाही. पण १ मीटरचा मार्ग धरा आणि बीमच्या अर्ध्या भागातली हवा दुसऱ्या अर्ध्यापेक्षा १ अंशाने गरम समजा. फरक जवळपास ०.९ मायक्रॉनचा होतो, म्हणजे आपल्या लाल लेसरची दीड तरंगलांबी. आपण तिथे तरंगलांबीचा विसावा भाग मोजायला बसलेलो असतो! कूलरचा ओला थंड झोत, टेबलाखालच्या पॉवर सप्लायची गरम हवा आणि पश्चिमेची तापलेली भिंत, तिघं मिळून बीमच्या वाटेत खिचडी शिजवतात.

कूलरचा दुसरा त्रास कंपनांचा. त्याचा पंखा मिनिटाला १४०० च्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला तेवीसेक फेरे. पात्यांवर क्षार बसून तोल गेला की तेवढ्याच वेगाने खिडकीची चौकट थरथरते, भिंत थरथरते आणि टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर तेही. तिसरा त्रास पाण्याचा. जड पाण्याच्या बारीक तुषारांचे पांढरे ठिपके आरशांवर बसतात.

तपासायला पैसा लागत नाही. कूलर, पंखे बंद. दार लावा. दहा मिनिटं थांबा, घाम येऊ द्या. १०० फ्रेम घ्या आणि टिल्टचा प्रमाण विचलनाचा आकडा लिहा. कूलर लावून पुन्हा १०० फ्रेम. दोन आकड्यांत ठळक फरक असेल तर तुमची ऑप्टिक्स ठीक आहे, नॉबना हात लावायचं कारण नाही.

उपाय स्वस्तातला आहे. हार्डवेअरच्या दुकानातून ४ इंची पीव्हीसी पाइप आणा, दोन माउंटांमधल्या अंतराएवढे तुकडे कापा, आतून काळा कागद लावा आणि बीमच्या वाटेवर स्वतंत्र टेकूंवर ठेवा. पाइप माउंटला टेकता कामा नये, नाहीतर पाइपचा धक्का आरशाला बसेल. सेन्सरच्या भागावर थर्माकोलचा खोका उपडा घाला. एवढ्याने आमची थरथर निम्म्याहून कमी झाली. एसी असेल तर झोत टेबलावर नको, आणि तो मोजणीच्या तासभर आधी लावून उपयोग नाही. पोलादी टेबल तापायला आणि निवायला तास-तास घेतं. नवतपाच्या दिवसांत आम्ही एसी पहाटेच सुरू करतो आणि मोजणी अकराच्या आत आटोपतो. दुपारी दोननंतर पश्चिमेची भिंत बोलायला लागते.

टेबलावर ॲल्युमिनियमच्या आणि स्टीलच्या पोस्टची (माउंट ज्यांवर उभं असतं त्या दांड्यांची) सरमिसळ असेल तर तीही बंद करा. १०० मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पोस्ट १० अंशांनी तापली तर सुमारे २३ मायक्रॉन वाढते, स्टीलची त्याहून बरीच कमी. सगळ्या सारख्या वाढल्या तर बीम आणि भिंगं एकत्र वर जातात. वेगवेगळ्या वाढल्या की भांडण.

पेन्सिलीच्या मागच्या टोकाने

ही माझी आवडती तपासणी. रबर असलेली पेन्सिल घ्या. स्क्रीनवर टिल्टचा आकडा चालू ठेवा. लेसरपासून सुरुवात करून प्रत्येक माउंटला, पोस्टला, तिच्या बुडाशी असलेल्या क्लॅम्पला रबराच्या टोकाने हलकेच टिचक्या मारत पुढे जा. धड बसलेलं माउंट हादरतं आणि आकडा जागेवर परत येतो. ढिलं माउंट उडी मारतं आणि परतच येत नाही. जिथे आकडा परतला नाही तिथे थांबा. बहुतेकदा पोस्ट होल्डरचा अंगठ्याने फिरवायचा स्क्रू ढिला असतो. तो नुसत्या बोटांनी आवळून भागत नाही, ॲलन की लावा.

गेल्या मे महिन्यात एकीकडे सगळी माउंटं पास झाली. लेसर घट्ट, आरसे घट्ट, पिनहोल घट्ट. तरी टिल्ट दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पायरी चढायचा, मग थांबायचा, मग पुन्हा पायरी. मी सेन्सरजवळ बसून बघत राहिले. सेन्सरची यूएसबी केबल टेबलाच्या कडेवरून सरळ खाली लोंबत होती, आणि खाली सीपीयूपाशी तिच्यावर पाय ठेवून एक पोरगा निवांत बसला होता. त्याने पाय हलवला की पायरी. केबलला सेन्सरजवळ एक सैल वेटोळं दिलं, टेबलाला क्लॅम्पने बांधली, पोराची खुर्ची सरकवली. दुरुस्तीचा खर्च शून्य. तेव्हापासून मी केबलीपासूनच सुरुवात करते.

याच फेरीत आरसे धरणारे बारीक स्क्रूही बघा. जोर लावून आवळलेला स्क्रू काच वाकवतो आणि ॲस्टिग्मॅटिझम तयार होतो. तीन ठिकाणी आवळला तर ट्रेफॉइल (तीन पाकळ्यांचा दोष). स्क्रू पाव फेरा सैल करा आणि स्क्रीनवर बघा. आकडा घसरला तर तेच कारण. आरसा फक्त पडणार नाही इतपतच धरायचा असतो.

सफाईबद्दल एवढंच: आधी रबरी ब्लोअर, मग गरज असेल तरच लेन्स टिश्यू आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, टिश्यू एकाच दिशेने एकदा. तोंडाने फुंकर नको. सेन्सरच्या लेन्सांच्या जाळीला काहीच लावायचं नाही, टिश्यूसुद्धा.

दोन आयरिस

इथपर्यंत दोष सापडला नाही तरच अलाइनमेंटला हात लावायचा. बसण्याआधी अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा. डोळे बीमच्या पातळीत आणू नका. पाच मिलिवॉटचा लेसरही डोळ्याला इजा करायला पुरेसा आहे.

टेबलावर दोन आयरिस (लहान-मोठं करता येणारं गोल भोक असलेल्या पट्ट्या) कायमच्या ठेवा, एक आरशांजवळ आणि दुसरी जमेल तेवढी लांब. दोन्ही एकाच उंचीवर, आमच्याकडे १०० मिलिमीटर. क्लॅम्पने अशा आवळा की पुढच्या बॅचलाही त्या तिथेच सापडतील. पिनहोल आणि ऑब्जेक्टिव्ह बाजूला काढा. आता पहिल्या आरशाने बीम जवळच्या आयरिसच्या मधोमध आणा. दुसऱ्या आरशाने लांबच्या आयरिसच्या. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. चार-पाच फेऱ्यांत बीम दोन्हीतून जातो. चूक प्रत्येक फेरीत कमी होण्याऐवजी वाढत असेल तर तुम्ही आरशांची अदलाबदल केलीय.

दोन का? एका आयरिसमधून बीम कुठल्याही कोनाने जाऊ शकतो. रेषा ठरायला दोन बिंदू लागतात, आणि आपल्याला रेषाच हवी आहे. एकदा ही रेषा पक्की झाली की बाकीची प्रत्येक वस्तू तिच्याप्रमाणे बसवायची. रेषा वस्तूंप्रमाणे हलवायची नाही. लोक नेमकं उलट करतात. लेन्स थोडी बाजूला बसली की आरसा फिरवून बीम लेन्सच्या मध्यावर नेतात, मग पुढची लेन्स चुकते, मग तिच्यासाठी आणखी काही.

आमच्या टेबलावर पूर्वी फिरण्यासारखे एकोणीस नॉब होते. कोणीही येऊन कुठलाही फिरवायचं. आता आठच मोकळे आहेत: दोन आरशांचे चार, पिनहोलचे तीन, कोलिमेशनच्या लेन्सचा एक. बाकी सगळ्यांवर मी लाल नेलपॉलिशचा थेंब सोडलाय, अर्धा नॉबवर आणि अर्धा माउंटवर. रेघ तुटलेली दिसली की कोणीतरी हात लावला हे कळतं, आणि रेघ जुळवली की नॉब मूळ जागी. सेटअप सोपा करायचा म्हणजे नवीन महागडं माउंट आणायचं असं सगळ्यांना वाटतं. आमचं काम वीस रुपयांच्या बाटलीत झालं.

पिनहोल, कोलिमेशन, रिले

पिनहोल योग्य मापाचं आहे का बघा. २० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हची फोकल लेंग्थ ८ मिलिमीटरच्या आसपास. त्यात ०.८ मिलिमीटरचा बीम टाकला तर ठिपका साधारण ८ मायक्रॉनचा होतो. त्याला १५ मायक्रॉनचं पिनहोल ठीक. याहून बरंच मोठं असेल तर घाण गाळलीच जात नाही. लेसर सिंगल-मोड फायबरमध्ये (टोकाशी स्वच्छ प्रकाश सोडणाऱ्या काचेच्या बारीक तारेत) घालायची सोय असेल तर पिनहोल सोडूनच द्या. फायबरच्या आत जाण्याचं अलाइनमेंट बिघडलं तर बाहेरचा प्रकाश फक्त मंद होतो, वेव्हफ्रंटचा आकार बिघडत नाही. तीन नॉब आणि रोजची कटकट, दोन्ही गेले.

कोलिमेशन शिअर प्लेटने करा, म्हणजे बीमची दोन सरकलेली परावर्तनं एकमेकांवर पाडून पट्टे दाखवणाऱ्या काचेने. प्लेटवरच्या रेघेला पट्टे समांतर झाले की बीम समांतर. लांबच्या भिंतीवर डाग मोजून हे होत नाही. २०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये पिनहोल १ मिलिमीटर पुढे-मागे असेल तर १० मिलिमीटर रुंद बीमच्या कडेला अर्ध्या तरंगलांबीची वक्रता येते, आणि तेवढी भिंतीवर डोळ्याला दिसत नाही. लेन्स एका बाजूने सपाट असेल तर फुगीर बाजू समांतर बीमकडे हवी. उलटी बसली तर गोलीय दोष जवळजवळ चौपट होतो. हे मी वर्षातून दोनदा तरी बघते.

लेन्स सरळ आहे की तिरपी, हे तिच्यावरून परत येणारा प्रकाश सांगतो. मध्ये भोक पाडलेला पांढरा कार्ड बीममध्ये धरा. परतणारे दोन्ही ठिपके भोकावर आले पाहिजेत. तरीही ॲस्टिग्मॅटिझम उरला तर लेन्स तिच्या माउंटमध्येच ९० अंश फिरवा. दोषाची दिशा तिच्यासोबत फिरली तर दोष तिच्या काचेत. नाही फिरली तर ती निर्दोष, पुढची बघा.

रिले सगळ्यात शेवटी, कारण तिथे एक लेन्स हलवली की वरचं बरंचसं पुन्हा करावं लागतं. तपासायच्या वस्तूच्या जागी आरसा ठेवा आणि त्याचा नॉब हळूच डोलवा. स्क्रीनवर सगळे ठिपके एकत्र सरकायला हवेत, पण उजळ भागाची कड जागेवर राहायला हवी. कडही सरकत असेल तर वस्तूचं प्रतिबिंब लेन्सांच्या जाळीवर पडतच नाहीये. दोन लेन्सांमधलं अंतर दोघींच्या फोकल लेंग्थच्या बेरजेइतकं आहे का मोजा, मग सेन्सर पुढे-मागे करत कड थांबेल ती जागा शोधा.

इथे थांबायचं

सेन्सरवर संशय असेल तर एक शेवटची तपासणी. मध्ये काहीही न ठेवता सिंगल-मोड फायबरचं टोक सेन्सरसमोर एक-दीड मीटरवर धरा. सॉफ्टवेअर वक्रतेची त्रिज्या दाखवेल. टेपने अंतर मोजा. दोन्ही जुळले तर सेन्सर ठीक. जुळत नसतील तर तो कंपनीकडे कॅलिब्रेशनला पाठवा. उघडू नका. लेन्सांची जाळी आणि चिप यांच्यातलं अंतर कारखान्यात बसवलेलं असतं, आपल्या स्क्रूड्रायव्हरने ते परत बसत नाही.

लेसर लुकलुकत असेल तर त्याचा पॉवर सप्लाय उघडू नका. नळी पेटवायला काही हजार व्होल्ट लागतात, आणि प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर भरलेला असू शकतो. १०६४ नॅनोमीटरचा किंवा कुठलाही न दिसणारा, ताकदवान लेसर असेल तर वरची एकही पायरी एकट्याने करू नका, लेसर सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला माणूस बोलवा. आणि कूलर, पंखे बंद करूनही, रात्री दहालाही टेबल थरथरत असेल तर कंपनं जमिनीतून येतायत. टेबलाचे हवेवर तरंगणारे पाय हा विषय विकणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरचा आहे.

धंतोलीतल्या डोळ्यांच्या एका दवाखान्यातून मागे फोन आला होता. त्यांचं ॲबरोमीटर, म्हणजे डोळ्यातले दोष मोजणारं यंत्र, तेही याच तत्त्वावर चालतं, आणि एकाच डोळ्याचं माप तीन वेळा घेतलं तर तीन वेगवेगळं आलं होतं. "ताई, येऊन फक्त पाहून तर जा." मी नाही गेले. त्यांना सांगितलं की यंत्रावर शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख बघा, कंपनीच्या माणसाला आजच बोलवा, आणि तो येईपर्यंत त्या यंत्रावर एकही पेशंट बसवू नका.